बिननावाची डबी

वस्ती, सोयगाव
९ जानेवारी २०२४

करुणा,

योगिनीचा तुला, मोतीरामकाकांना अन् पारूकाकूला नमस्कार. दहावीला एका बाकावर बसलो, त्यानंतर तुझं शहर झालं अन् माझी ही वस्ती. लग्नाआधीची माझी पत्रं अजून तुझ्याजवळ असतील तर हेही त्यातच ठेव.

फोन का नाय केला म्हणशील. आमच्या घरात फोन दोन. एक ह्यांच्याजवळ, अन् हे मेंढरं घेऊन तापीकाठाकडं गेलेत. औंदा तर दिवाळीच्या आधीच गेले. इथं माळावर चरायला काय राहिलंच नव्हतं. दुसरा फोन मामंजींच्या खिशात. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून तो कायम स्पीकरवर. त्यावर बोललं की शेजारच्या चार घरांत बातमी. अन् मला जे सांगायचंय ते शेजारी जाऊन चालणार नाय.

माझी नणंद अंबिका तुला आठवती का? माझ्या लग्नात तुझ्या मागं मागं फिरायची ती. आता बारावी होऊन घरीच आहे. पोरगी गुणाची, शिवणकाम करती, गाते चांगली. पण रंगानं काळी. तीन स्थळं बघून गेली अन् तिन्ही गप्प बसली. चौथ्या वेळी पाव्हण्यांतली एक बाई अंगणातूनच म्हणली, जरा उजळ असती तर. ते तिनं ऐकलं.

दसऱ्यानंतर तिनं आठवडी बाजारातून एक क्रीम आणली. पांढरी डबी, वर फुलाचं चित्र, कंपनीचं नाव नाय, तारीख नाय. खोटं कशाला बोलू, महिन्याभरात तोंड असं उजळलं की मलाच दुसरी पोरगी घरात आल्यागत वाटलं. सासूबाई दृष्ट काढायल्या. मी पण म्हणलं, देवानं भलं केलं.

आता पंधरवड्यापासून सकाळी उठली की डोळे सुजलेले. पायावर बोट दाबलं की खड्डा पडतो. इथल्या डॉक्टरनं रक्त कमी आहे म्हणून गोळ्या दिल्या. मला वेगळाच संशय यायलाय. तू दिवसभर कंप्युटरवर असतीस. अशी क्रीम कुठं तपासून मिळती का, तेवढं बघ. पत्र माझ्या अंगणवाडीच्या पत्त्यावर टाक. घरी नको.

तुझी
योगिनी

---

पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर
१७ जानेवारी २०२४

योगे,

सप्रेम जय भीम. तुझं पत्र क्रांती चौकातल्या आमच्या कॉम्प्युटर सेंटरवर घेऊन गेले आणि काकासाहेब, म्हणजे आमचे मालक, जेवायला गेले तेव्हा शोधायला बसले.

आधी नुसतं ‘क्रीम तपासणी’ टाकलं, तर पडदाभर क्रीमच्याच जाहिराती. गोरं करणाऱ्या. मग एक साइट सापडली, तिथं देशभरातल्या तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. डाव्या बाजूला छोटे छोटे चौकोन, त्यांना फिल्टर म्हणतात. आपण खूण करत गेलो की नको ती नावं गळून पडतात. मी ‘सौंदर्यप्रसाधने’वर खूण केली, तरी पानंच्या पानं. मग शहराच्या ठिकाणी आपलं शहर टाकलं आणि सगळंच गेलं. आपल्याकडे पाणी तपासतात, माती तपासतात, कारखान्यातलं लोखंड तपासतात. बाईच्या तोंडाला लावायचं काही तपासणारं त्या यादीत कुणी नव्हतं. शहर काढून महाराष्ट्र ठेवलं. मग ‘तपासणीचा प्रकार’ उघडला. त्यात किती दिवस टिकेल ते आहे, जंतू आहेत, वास आहे, आणि अगदी खाली ‘जड धातू’. तिथं खूण केली. आता मूठभर नावं उरली आहेत, बहुतेक पुण्या-मुंबईची.

मधेच एका भलत्याच पानावर गेले. तिथंही ‘क्रीमची चाचणी’ असंच लिहिलेलं, पण त्यांना बाया हव्या होत्या, क्रीम लावून घ्यायला. मी घाईघाईनं बंद केलं. नंतर मनात आलं, त्यांना निदान विचारतात तरी.

जड धातूच का, ते सांगते. बाजारातल्या अशा काही क्रीममध्ये पारा घालतात. त्यानं कातडी उजळते आणि तो अंगात जाऊन मूत्रपिंड धरतो. हे मी वाचलंय. अंबिकाचं तेच आहे असं मी म्हणत नाही. पण ती क्रीम आजपासून बंद. आणि तिची लघवी तपासून घे, त्यातून प्रोटीन जातंय का ते बघायला सांग. डबी माझ्याकडे पाठव, उरलेल्या क्रीमसकट. धुऊ नकोस.

इथं नळाला आठवड्यानं पाणी येतं. गल्लीच्या दोन्ही टोकांना नवे टॉवर उभे राहतायत आणि आम्ही बादल्या घेऊन टँकरमागे. आई म्हणते, योगिनीला सांग, इकडे येऊ नको, तिकडेच बरी.

करुणा

---

वस्ती, सोयगाव
२६ जानेवारी २०२४

करुणा,

अंगणवाडीत झेंडावंदन झालं, पोरं लाडू खात बसलीत, तेवढ्यात लिहायलेय. डबी पाठवतेय. बन्सीमामा सोयगावच्या गाडीवर कंडक्टर आहेत, त्यांच्या हाती देते. औषध आहे म्हणून सांगितलंय. बसस्टँडवरून घे.

एक गोड बातमी. अंबिकाचं जमलं! मुलगा खंडेराव, वाळूजला कंपनीत आहे, स्वभावानं गरीब दिसतो. बघायला आले तवा त्याच्या आत्यानं अंबिकाची हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं अन् म्हणली, पोरगी पसंत. साखरपुडा झाला, लग्न एप्रिलात. सासूबाई उभ्या उभ्या रडल्या. मामंजी तर फोनवर अशा मोठ्यानं सांगत होते की त्या दिवशी फोन नसता तरी चाललं असतं.

क्रीम बंद केलीय. तिच्यासमोरच मी डबी उचलली. 

लघवीचं मात्र झालं नाय. मी मामंजींना म्हणलं, सूज आहे, एकदा तालुक्याला दाखवून आणते. ते म्हणाले, “सूनबाई, सोयरीक ताजी आहे. पोरीला दवाखान्यात बघितलं तर लोक हजार गोष्टी जोडतील. लग्न होऊ दे.” सासूबाईंनी पण मान हलवली. क्रीम तर बंदच झालीय, मी जास्त ताणलं नाय.

एक विचारू? हसू नको. तपासणारे ती क्रीम बकरीला-बिकरीला लावून बघतात का? आमच्या एका शेळीच्या कानाला अंबिकानं गमतीनं लावली होती. शेळीला काय झालं नाय. त्यानं मला लई दिवस धीर वाटत होता.

योगिनी

---

पुंडलिकनगर
१२ फेब्रुवारी २०२४

योगे,

शेळीवर मी हसले नाही. क्रीम जाळून, विरघळवून मशिनमध्ये घालतात, जनावराला लावत नाहीत. शेळीचा कान केवढा आणि पोरीचं रोजचं तोंड केवढं.

लग्नाचं ऐकून बरं वाटलं. सूज उतरली का ते तू लिहिलं नाहीस.

आता डबीचं. उरलेल्या नावांपैकी पहिल्या प्रयोगशाळेच्या साइटवर नमुना नोंदवायला गेले, तर पहिलाच प्रश्न, तुम्ही कोण? उत्पादक, विक्रेता, आयातदार, निर्यातदार. यातल्या एका चौकोनात खूण केल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. जिनं तोंडाला लावली तिच्यासाठी चौकोन नाही. मी वरून खालून दोनदा शोधला. फोन लावला तर माणूस म्हणाला, “मॅडम, कंपनीचं नाव? बॅच नंबर?” मी म्हटलं, डबीवर काहीच नाही, तेच तर विचारायचंय. त्यानं फोन ठेवला. दुसरीकडे म्हणाले, आम्ही खासगी माणसांचं घेत नाही. तिसरीकडे नुसतं गाणं वाजत राहिलं.

मग पुण्याच्या एका प्रयोगशाळेतल्या बाई फोनवर भेटल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, कुठल्याही दुकानाच्या लेटरहेडवर अर्ज द्या, बाकी मी बघते. काकासाहेबांनी विचारलंसुद्धा नाही कशासाठी, शिक्का मारून दिला. डबी भावाच्या, प्रणयच्या हाती पाठवली. तो आता पुण्यातच नोकरीला आहे, स्वतः देऊन आला. त्या बाईंनी मला शेवटी विचारलं, “हे कोण वापरतंय?” मी म्हटलं, मैत्रिणीची नणंद. “तिला थांबायला सांगा.” मी म्हटलं, थांबलीय.

थांबलीय ना?

करुणा

---

वस्ती, सोयगाव
२१ फेब्रुवारी २०२४

करुणाताईस,

अंबिकाचा नमस्कार. वहिनीला न सांगता लिहिते. तुमचा पत्ता मी तुमच्या पाकिटावरून घेतला. राग धरू नका.

तुम्ही माझ्यासाठी लई खटपट करायलात, वहिनीनं सांगितलं. म्हणून तुमच्याशी खोटं बोलवत नाही. क्रीम बंद नाही. वहिनीनं डबी नेली त्याच आठवड्यात आईनं बाजारातून दुसरी आणली. चार दिवस लावलं नाही तर रंग परत उतरायला लागला होता ताई, जास्तच काळा. आई घाबरली. म्हणली, आता सोयरीक झाली, आता कसं करावं. वहिनीला यातलं काय माहीत नाही.

मला शाळेत पोरं डांबर म्हणायची. बाईंनी एकदा नाटकात राक्षसीण केलं, मी आनंदानं केलं, कारण त्याशिवाय मला कुणी घेतच नव्हतं. साखरपुड्याला मला पहिल्यांदा पुढच्या रांगेत बसवून फोटो काढले. ज्यांच्याशी जमलं ते अजून माझ्याशी फोनवर बोलले नाहीत, पण एकदा मामाच्या फोनवर त्यांनी निरोप धाडला, की ड्रेसचं माप सांगा. मी माप सांगितलं अन् मग वाटलं, तोवर अंगात बसंल का. पैंजण रुतायले म्हणून काढून ठेवलेत. आई म्हणती, लग्नाचं अंग आहे, भरायलंय.

मला समजतं हे बरं नाही. पण फक्त हळद लागेपर्यंत. मग तुम्ही म्हणाल ते औषध घेईन, म्हणाल तिथं येईन. तुमचा रिपोर्ट आला तर मला एकटीला कळवा. वहिनीला नको, दादाला तर नकोच. एवढं माझं ऐका.

तुमची धाकटी बहीण
अंबिका

---

पुंडलिकनगर
४ मार्च २०२४

अंबिका,

रिपोर्ट काल आला. तुझ्या डबीत पारा आहे. किती असावा याची सरकारनं हद्द ठेवलेली आहे, आणि हा तिच्या हजारो पट आहे. त्या बाईंनी मला स्वतः फोन केला. म्हणाल्या, ती मुलगी कुठं आहे, आधी ते सांगा.

तुझं पत्र आल्यापासून मी रोज ते पर्समध्ये घेऊन फिरते. तुझं ऐकावं असं मला खूप वाटलं. मलाही शाळेत नावं ठेवणारे होते, रंगावरून नाही, आडनावावरून. एक दिवस तरी पुढच्या रांगेत बसावं, हे मला कळतं गं. पण तू जे मागतेस ते मला देता येत नाही. तुझे पाय सुजलेत ते लग्नाचं अंग नाही. तुझी मूत्रपिंडं दमलीत.

हे पत्र आज दुपारच्या गाडीनं बन्सीमामांच्या हाती पाठवते आणि उद्या सकाळच्या गाडीनं मी स्वतः येते. मधे एक रात्र आहे. मी येण्याआधी तुझ्या तोंडानं आईला सांगितलंस तर मला बरं वाटेल. नाही सांगितलंस तर मी सांगेन. वहिनीलाही, दादालाही. माझ्यावर चिडलीस तरी चालेल. कपडे भरून ठेव, आपण त्याच पावली इकडच्या दवाखान्यात येऊ.

वेळेत धरलं तर हे बरं होतं. हे मी तुझी समजूत काढायला लिहीत नाही, त्या बाईंनी सांगितलंय.

तुझी
करुणाताई

---

छत्रपती संभाजीनगर
२८ मार्च २०२४

योगे,

धाकट्याचा ताप उतरला का? तू परवा गेलीस तेव्हापासून अंबिका वॉर्डच्या दारात कुणी आलं की मान वर करते. मला म्हणते, वहिनीला वाटलं. इकडची काळजी करू नकोस. मावशी, म्हणजे तुझ्या सासूबाई, तिच्याजवळ दिवसभर असतात, मी सेंटर सुटलं की येते आणि आई घरून डबा देते, बिनमिठाचा. त्या आधी आमच्या घरचं खातील की नाही याचा मला संकोच होता. पहिल्या दिवशीच म्हणाल्या, “पारूबाईच्या हातची भाजी अळणी असून गोड लागती.” आई ते ऐकून दिवसभर खूश.

डोळ्यांची सूज कमी आहे. डॉक्टर रिपोर्ट बघून म्हणाले, हा कागद आणलात म्हणून आमचे पंधरा दिवस वाचले. क्रीम सुटली की मूत्रपिंड हळूहळू सावरतं म्हणाले, महिने लागतात, पण सावरतं. एका पोटरीत मात्र दुखतं म्हणते, त्यासाठी रक्त पातळ करायची इंजेक्शनं चालू केलीत.

तुला एक सांगायचं राहिलंय. मी आले त्या सकाळी रिपोर्टचं ऐकताच तू जीप बघायला गेली होतीस. घरात मी, मावशी, तुझे मामंजी सोनाजीबाबा आणि अंबिका. तिनं सांगितलेलं नव्हतं. मी सांगायला सुरुवात केली आणि बाबांना ऐकू येईना, म्हणून मला ओरडून सांगावं लागलं. पारा आहे, विष आहे, असं मी त्या अंगणात ओरडत होते. बाबा म्हणाले, “पण सूनबाईनं डबी कधीच नेली की!” तेव्हा मावशी उठल्या, ज्वारीच्या पिंपात कोपरापर्यंत हात घातला आणि दुसरी डबी काढून माझ्यासमोर ठेवली. म्हणाल्या, “ही मी आणली. तिला काय बोलू नको.” बाबांनी आत जाऊन अंबिकाची पिशवी उचलली आणि जीपची वाट बघत रस्त्यावर जाऊन उभे राहिले.

काल खंडेराव आला होता. घरचे दुसरीकडे मुलगी बघायचं बोलतायत, हे त्यानं स्वतःच सांगितलं. ड्यूटीवरून थेट आलेला, हेल्मेट मांडीवर घेऊन बाहेरच्या बाकावर बसला. आत जायला लाजत होता. मला म्हणाला, “ताई, माझ्यामुळं झालं का हे? आत्या म्हणाली होती मुलगी उजळ पाहिजे. मी गप्प बसलो होतो.” मी म्हटलं, गप्प बसलेले तुम्ही एकटे नाही. मग त्याला आत घेऊन गेले. अंबिकाच्या तोंडावरचा रंग आता जागोजाग उतरलाय, तिनं चादर नाकापर्यंत ओढली. तो म्हणाला, “नारळपाणी आणलंय.” ती चादरीतूनच म्हणाली, “डॉक्टरला विचारावं लागंल.” दोघंही एवढंच बोलले, पण तो गेल्यावर तिनं मला त्याच्या शर्टाचा रंग विचारला. चादरीमुळे नीट दिसला नाही म्हणे.

सोमवारपर्यंत सोडतील असं वाटतं. आपल्याकडेच चार दिवस ठेवून घेईन.

करुणा

---

वस्ती, सोयगाव
२ जून २०२४

करुणा,

अंबिका जाऊन दोन महिने झाले. मी तुला दोन पत्रं टाकली, उत्तर नाय. बन्सीमामा म्हणाले, सेंटरवर दिसती पण बोलत नाय. तिसरं पत्र हे.

तू मनात काय धरून बसलीस ते मला ठावं आहे. तुझ्या हातात तिचा हात होता. ती उठून बसली, केस विंचरून दे म्हणली, अन् अर्ध्या वेणीवर तिचा श्वास अडकला. पायातल्या शिरेत धरलेली रक्ताची गाठ वर सरकली, असं डॉक्टरांनी आपल्याला सांगितलं. तिथं तुझ्या जागी मी असते तरी तेच झालं असतं. तिचं पत्र आलं त्याच दिवशी तू निघायला पाहिजे होतंस, असं तू त्या दिवशी भिंतीला धरून म्हणत होतीस. मी त्या घरात तिच्याबरोबर राहत होते, करुणा. मला पिंपातली डबी दिसली नाय. मग माझं काय करतीस?

इथलं सांगते. हे मेंढरं घेऊन परत आलेत, बरीच गेली वाटेत. टँकर एक दिवसाआड येतो. मामंजींनी फोन बंद करून फळीवर ठेवलाय. कुणाचा फोन आलाच तर काय सांगावं, म्हणतात.

खंडेरावाचं लग्न झालं नाय अजून. दहाव्याला आला होता. लांब उभा राहिला, जेवला नाय.

अन् सासूबाई. महिनाभर त्या बोलल्याच नाय. मग एका बाजारच्या दिवशी सकाळी उठून अंघोळ केली, अंबिकाचा साखरपुड्याचा फोटो पदरात गुंडाळला अन् सोयगावला निघाल्या. मी मागं पळत गेले. वाटलं जिवाचं काय बरंवाईट करतात. त्या थेट बाजारात गेल्या अन् त्या क्रीमवाल्याच्या पालासमोर मातीत बसल्या. तो ओरडला, “ए आजी, धंद्याच्या टायमाला कशाला बसली?” सासूबाईंनी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, मला काय माहीत, मी तर बांगड्यांबरोबर घाऊक आणतो. मग थोड्या वेळानं हळूच म्हणाला, माझी बायको पण हीच लावती. त्यानं त्या दिवशी डब्या उचलून खोक्यात घातल्या. पुढच्या बाजारी त्याचं पाल नव्हतं. पण पलीकडं दुसऱ्याचं होतं, त्याच्याकडं तसल्याच डब्या.

आता दर बाजारी त्या तिथं जाऊन बसतात. डबीला हात लावणाऱ्या पोरीला जवळ बोलावतात, फोटो दाखवतात. काहीजणी डबी ठेवून देतात. काहीजणी पुढच्या पालावर जाऊन घेतात, मी बघते ना. तू काढून दिलेला रिपोर्ट पण मी नेला होता, पण तो कुणी वाचत नाय. त्या फोटोकडं बघतात.

काल एक पोरगी आली, कॉलेजची असंल, पाठीला दप्तर. आपल्या अंबिकासारखीच, रंगानं पण. सासूबाईंचं सगळं नीट ऐकून घेतलं. डबी खाली ठेवली. मग विचारलं, “मग आजी, मी अशीच काळी राहू का?”

सासूबाईंनी तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. त्या नुसत्या तिच्याकडं बघत राहिल्या, हात काय सोडवेनात. पोरीनं बसस्टँडकडं बघितलं. मग हळूच म्हणाली,

“आजी, सोड आता. माझी गाडी जाईल.”

ती गाडीकडं गेली. डबी मात्र तिथंच राहिली. मी सासूबाईंना उठवलं अन् घरी आणलं.

मला लिही. दोन ओळी लिही.

तुझी
योगिनी